मागून जायची सवय

पहिले तीन आठवडे आम्हाला वाद्याला हात लावायला मिळाला नाही. होनोलुलूतल्या हवाई विद्यापीठाच्या मानोआ परिसरात, संगीत विभागाच्या एका खोलीत आम्ही नऊ जण मांडी घालून बसायचो आणि उजव्या तळव्याने मांडीवर मात्रा धरत गायचो. ची... रा... रो रु रो, ता... रु रा. या अक्षरांना अर्थ काही नाही. जपानीत याला शोगा म्हणतात. जी चाल वाद्यावर वाजवायची ती आधी तोंडात बसली पाहिजे, मग बोटांत, असा तिथला नियम. हिचिरिकी नावाची बांबूची छोटी नळी शिकणारा असो, रयूतेकी नावाची आडवी बासरी शिकणारा असो, की माझ्यासारखी शो नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य शिकायला आलेली असो, आधी सगळ्यांनी हेच गायचं.

माझ्या शेजारचा अमेरिकन मुलगा दुसऱ्याच आठवड्यात कंटाळला. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. सांगलीत आमच्या वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास चालायचा. 'धा तिरकिट' आधी हातावर टाळी धरून म्हणायचं आणि मगच तबल्याची गवसणी काढायची, हे मी जिन्यात बसून वर्षानुवर्षं ऐकलेलं. मांडी घालून तास-दीड तास बसायचंही मला नवीन नव्हतं. बाकीच्यांचे गुडघे बोलायला लागले की सेन्सेई, म्हणजे आमचे शिक्षक, त्यांना पाय मोकळे करायला पाठवायचे आणि मी तेवढ्यात एक आवर्तन जास्तीचं म्हणून घ्यायची.

संगीत हा माझा विषय नव्हता. मी तिथे मातीचा अभ्यास करायला गेले होते. ज्वालामुखीच्या मातीत स्फुरद कसा अडकून बसतो आणि पिकाला मिळत नाही, यावर माझा प्रबंध होता. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून परत येताना एका खिडकीतून आवाज आला. वाटलं, कुणीतरी पेटीवर सहा पट्ट्या एकदम दाबून धरल्यात आणि भाता सोडायलाच तयार नाही. मी थांबले. आवाज हळूहळू चढला, कमी झाला, पुन्हा चढला, मध्ये कुठेच तुटला नाही. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, मीही त्यांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं वाजवलेली, त्यामुळे हा पेटीचाच कुणीतरी नातेवाईक आहे एवढं कानाला लगेच कळलं. पुढच्या सत्रात मी गागाकुच्या वर्गात नाव घातलं.

गागाकु म्हणजे जपानच्या दरबाराचं आणि देवस्थानांचं संगीत. सन ७०१ च्या कायदेसंहितेत त्याच्यासाठी वेगळं सरकारी खातं नेमलेलं आहे, इतकं ते जुनं. असं संगीत हवाईच्या विद्यापीठात कसं शिकवलं जातं, तर त्यामागे बार्बरा स्मिथ नावाच्या बाई आहेत. त्या १९४९ मध्ये इथे पियानो शिकवायला आल्या. समोर बसलेली बरीचशी मुलं जपानी, चिनी, कोरियन, हवाईयन घरांतली, आणि शिकत होती फक्त युरोपचं संगीत. ही गोष्ट बाईंना खटकली. त्या स्वतः शिष्य होऊन कोतो नावाचं जपानी तंतुवाद्य शिकल्या, आणि पुढे या मुलांच्या आजी-आजोबांचं संगीत विद्यापीठात शिकवलं जावं यासाठी त्यांनी अभ्यासक्रमच उभा केला. २०२१ मध्ये १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या. मी त्यांना पाहिलं नाही, पण विभागातल्या ज्या खुल्या रंगमंचावर आम्ही पुढे वाजवलं त्याला त्यांचं नाव आहे, आणि त्या पायऱ्यांवर मी कितीतरी डबे खाल्लेत.

चौथ्या आठवड्यात शो हातात आला.

त्याचं वर्णन फार जण मिटलेल्या पंखांच्या पक्ष्यासारखं करतात. जपानी लोक त्याला फिनिक्सच म्हणतात. हातात घेतल्यावर मला आठवला तो उदबत्त्यांचा जुडगा. लाखेच्या काळ्या वाटीत बांबूच्या सतरा बारीक नळ्या गोलाकार रोवलेल्या, उंची जेमतेम दीड-पावणेदोन फूट. सतरांपैकी पंधराच बोलतात. 'या' आणि 'मो' नावाच्या दोन नळ्या मुक्या आहेत, आकार पुरा व्हावा म्हणून त्या ठेवल्यात. वाटी दोन्ही तळव्यांत धरायची आणि वाटीच्या तोंडाला ओठ लावायचे. प्रत्येक नळीला बुडाशी एक छिद्र. बासरीत छिद्र उघडलं की सूर बदलतो. इथे छिद्र उघडं असेल तर नळी गप्प, बोटाने झाकलं तरच ती बोलते. हे समजायला बासरीवाल्यांना त्रास होतो. मला झाला नाही, कारण पेटीतही पट्टी दाबल्याशिवाय सूर नाही.

आणि श्वास! फुंकलं तरी सूर तोच, आत ओढलं तरी तोच. म्हणून तो तुटत नाही. त्या खिडकीखाली उभी राहून मी जो भाता ऐकला, तो माणसाच्या छातीचा होता.

नळीच्या टोकाशी आत पातळ धातूची रीड असते. एक बाजू पक्की, बाकीची मोकळी, हवा लागली की आपल्या चौकटीतून आरपार हलणारी. पेटी उघडून पाहिलेल्या कुणालाही ती ओळखू येईल. जपानी संगीताच्या इतिहासाचा वर्ग मी त्याच सत्रात घेतला होता. तिथे कळलं, की शोचा मोठा भाऊ म्हणजे चीनचा शेंग. अठराव्या शतकात पेकिंगला राहणाऱ्या आमियो नावाच्या फ्रेंच पाद्र्याने शेंग पॅरिसला पाठवले, आणि पुढच्या काही दशकांत युरोपात मोकळ्या रीडची वाद्यं बनू लागली. १८४२ मध्ये पॅरिसच्या दबेंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने चालवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता लावून जमिनीवर बसवली, आणि मग ती आमच्या नाटकात, कीर्तनात, भजनात शिरली. त्या रात्री मी बाबांना फोन केला. होनोलुलू भारताच्या साडेपंधरा तास मागे, म्हणजे माझे रात्रीचे नऊ वाजले की सांगलीत दुसऱ्या दिवसाचे साडेबारा. बाबांनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपली पेटी मूळची चिन्यांची?" मी म्हटलं, पेटी नाही, पेटीचा जीव.

त्या वर्गाने आणखी एक गोष्ट दिली. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला, आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइजीच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हस्ते झाला. त्याच्या आणि त्याच्याबरोबर आलेल्या चंपा देशाच्या एका भिक्षूच्या नावावर परंपरेने गागाकुमधल्या काही रचना टाकलेल्या आहेत. त्यातली एक 'कार्योबिन'. हे नाव म्हणजे आपल्या संस्कृतातला कलविंक पक्षी. पंख लावलेली चार मुलं हातात छोट्या झांजा घेऊन ते नृत्य करतात. ध्वनिचित्रफितीत त्यांच्या झांजा वाजल्या तेव्हा वर्गातली मंडळी टिपणं काढत होती. मला वारीतल्या टाळांची आठवण येऊन गलबलून आलं. दोन्हींचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण परक्या देशात असा आवाज अचानक आला की माणसाचं काहीतरी होतं.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. मानोआची दरी म्हणजे ऊन असतानाच भुरभुर पाऊस. हवेत कायम ओल. शोच्या रीडवर श्वासातली वाफ साचते, आणि पाण्याचा एक थेंब बसला की ती नळी बसली. म्हणून शो वाजवण्याआधी आणि वाजवण्याच्या मधल्या वेळात निखाऱ्यावर धरून गरम करायचा असतो. आम्ही विजेची छोटी शेगडी वापरायचो. वाटी खाली धरून शो दोन्ही हातांत हळूहळू गोल फिरवत राहायचा, दहा-पंधरा मिनिटं, दर वेळी. एका दिवशी मी प्रयोगशाळेतून धावत आले, उशीर झालेला, तसाच शो उचलला आणि वाजवायला बसले. दुसऱ्या ओळीत 'ओत्सु' नावाची नळी गेली. सहा सुरांतला एक सूर नाहीसा झाला, नि त्या जागी पडक्या दातासारखी फट.

सेन्सेईंनी सगळ्यांना थांबवलं. माझ्या हातून शो घेतला आणि शेगडीशी जाऊन बसले. बाकीचे आठ जण गप्प बसून होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते नुसते फिरवत होते. मग त्यांनी मला शेजारी बोलावून एक जुनी सुटी नळी दाखवली. रीड पूर्वी फुटक्या घंटांच्या धातूपासून करत, तिच्यावर हिरवट लेप होता, मॅलकाइटचा दगड घासून लावलेला, ओल धरू नये म्हणून. आणि टोकाला मेणाचा मोहरीएवढा ठिपका. तो ठिपका किंचित कमी-जास्त केला की सूर चढतो किंवा उतरतो. "हे मेण जास्त तापलं तर वितळतं," ते म्हणाले, "कमी तापलं तर पाणी साचतं. तुझ्या हाताला कळेपर्यंत फिरवत राहा." त्यानंतर मी कधीही आयत्या वेळी गेले नाही. अर्धा तास आधी जाऊन फिरवत बसायचे. दिवसभराच्या सगळ्या धावपळीत तेवढा अर्धा तास माझा होता.

पण वाद्य जमलं म्हणजे संगीत जमलं असं नाही. माझी खरी अडचण बोटांत नव्हती.

शोवर चाल वाजवायची नसते. पाच-सहा सुरांचे ठरलेले पुंजके असतात, त्यांना आइताके म्हणतात. एकूण अकरा, आणि त्यात शेजारशेजारचे सूरसुद्धा एकदम लागतात. पेटीवर असं वाजवलं असतं तर बाबांनी पट्टीवरचा हात उचलून बाजूला ठेवला असता. चाल हिचिरिकी आणि बासरीकडे. हिचिरिकी ही वीतभर लांबीची बांबूची नळी, तिची बोरूची रीड हिरव्या चहात भिजवून मऊ करतात, आणि आवाज असा की खोली भरून उरते. सुरावरून सुरावर घसरत जाणं, मींड म्हणा ना, ते सगळं तिचं. शोला मींड नाही, पेटीसारखीच. आपल्याकडे याच कारणाने पेटीला १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंदी होती. इथे मात्र शोला कुणी कमी लेखत नाही. मला वाटलं, मग हा तंबोऱ्यासारखा मागे भरून राहणारा असणार. तसाच मी तो वाजवत होते. हिचिरिकी काय करते ते ऐकायचं आणि तिने सूर बदलला की मागोमाग आपला पुंजका बदलायचा.

सेन्सेई रोज एकच वाक्य म्हणायचे, "तुझा उशीर होतोय."

मी मात्रा मोजून पाहिल्या. एतेनराकु ही आमची रचना, तिचं आवर्तन चार-चार मात्रांच्या चार खंडांचं, म्हणजे सोळा मात्रा. तीनतालावर वाढलेल्या माणसाला यात चुकण्यासारखं काही नाही. ताइको नावाच्या मोठ्या ढोलाचा जोरकस ठोका आवर्तनात एकदाच येतो, त्याची वाट मी समेसारखी पाहायची. तरीही उशीर. शेवटी त्यांनी मला हिचिरिकीच्या मुलाकडे पाठ करून बसवलं आणि सांगितलं, "त्याच्याकडून काही घेऊ नकोस. तो तुझ्याकडून घेतो." शोचा पुंजका पहिल्या मात्रेवर पुरा बसलेला असावा लागतो. त्यासाठी बोटं आधीच्या मात्रेतच, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने हलायला लागतात, श्वास फुगत जातो आणि मात्रा येते तेव्हा तो उलटतो. समोर हात हलवून दाखवणारा कुणी नाही. काक्को नावाचा छोटा ढोल लय धरतो खरा, पण पुढची मात्रा येते आहे हे बाकीच्यांना शोच्या श्वासातून कळतं. मी ज्यांची वाट पाहत होते ते माझी वाट पाहत होते.

हे समजलं, पण अंगात यायला महिने लागले. बारा वर्षं मी संगत केली होती. संगत म्हणजे गाणारा जिकडे वळेल तिकडे त्याच्या मागून जायचं, त्याची ओळ संपता संपता तिचं शेपूट उचलायचं, आपण आधी गेलो तर तो उद्धटपणा. ते माझ्या हाडात होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. फक्त या वाद्यात त्याला जागा नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आषाढ लागला होता. मंडळात बाबांनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि स्वतः अभंग म्हणायला बसले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. घरी येताना म्हणाले, "मागनं ये की गं. मी अजून श्वास घेतोय तोवर तू समेवर जाऊन बसतेस." मला वाईट वाटलं आणि आत कुठेतरी आनंदही झाला, कारण याचा अर्थ हात बदलला होता. पुढचे चार गुरुवार मी जपून वाजवलं.

परत गेले तर आमची सेनपाई, म्हणजे वर्गातली ज्येष्ठ शो वाजवणारी मुलगी, पदवी घेऊन निघून गेलेली. शोच्या रांगेत पहिली जागा माझी झाली. रचना सुरू होण्याआधी नेतोरी वाजवतात. ही दोनेक मिनिटांची छोटी रचना, जिने त्या सप्तकाची हवा तयार होते. एतेनराकु ह्योजो सप्तकातला, आधार पेटीवरच्या पांढरी तीनच्या आसपासचा. नेतोरीची सुरुवात शो एकटा करतो. मग हिचिरिकी, मग बासरी. म्हणजे पूर्ण शांततेत पहिला आवाज माझा, आणि मागून जायला पुढे कुणीच नाही.

एप्रिलमध्ये कार्यक्रम झाला. दिवसभर पाऊस भुरभुरत होता, संध्याकाळी थांबला, दगडी पायऱ्या ओल्या होत्या. आम्ही रुंद बाह्यांचे पोशाख घालून रंगमंचामागे शेगडीभोवती बसलो, तिघी शोवाल्या, आपापला शो फिरवत. माझे तळवे घामेजले होते आणि शो मात्र कोरडा ठणठणीत, गरम भाकरीसारखा. आत गेलो, बसलो, शो तोंडाशी उचलला. शो उचलला की समोरचं काही दिसत नाही, चेहऱ्यापुढे नुसत्या नळ्या. मी श्वास आत ओढला आणि ओढतानाच सूर सुरू केला. एक नळी, मग दुसरी, मग तिसरी. कुणाच्या खोकल्याचा आवाज आला आणि विरला. श्वास उलटला तेव्हा मागून हिचिरिकी माझ्या सुरात येऊन बसली, बरोबर जिथे मी जागा केली होती तिथे. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बासरीने एकटीने एतेनराकुची पहिली ओळ घेतली, ताइकोचा ठोका पडला, आम्ही आत शिरलो. दुसऱ्या भागात माझं एक बोट निसटलं, ते कुणाला कळलं की नाही कोण जाणे. शेवटी फुंकायची वाद्यं थांबली आणि कोतोच्या सुट्या तारा तेवढ्या उरल्या.

नंतर एक आजी काठी टेकत खाली आल्या. फुकुओकाहून त्यांचे आजोबा उसाच्या मळ्यात कामाला आले होते. त्या सेन्सेईंना जपानीत काहीतरी म्हणाल्या आणि मग तिथेच उभ्या राहून गुणगुणायला लागल्या. 'कुरोदाबुशी' नावाचं त्यांच्या गावाकडचं लोकगीत, बैठकीत म्हणायचं. त्याची चाल एतेनराकुवरूनच आलेली. आमच्या संथ रचनेतून ती चाल त्यांच्या तोंडून अशी सरळ चालत बाहेर आली, की आमच्या रांगेतल्या दोघी नकळत मांडीवर मात्रा धरायला लागल्या.

ध्वनिमुद्रण मी बाबांना पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे पेटीचा आवाज येत होता.

"यात तू कुठली?"

"सगळ्यात वरचा आवाज आहे ना, सुरुवातीपासून. तो."

"तो ऐकला. त्याच्याबरोबर पेटीवर काढून बघतोय सकाळपासून, पण लागत नाही. पांढरी तीन म्हणावी तर उतरते, खालची काळी घ्यावी तर चढते. तुमचं उतरलेलं आहे."

मी सांगितलं की गागाकुमध्ये पांढरी सहा सेकंदाला ४३० कंपनांवर लावतात आणि आपली पेटी ४४० ची असते, त्यामुळे ते कधीच लागणार नाही. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला.

"थांब," ते म्हणाले, "मिरजेचा तंबोरा खाली काढतो. तो उतरवता येतो."

फोन त्यांनी तसाच जमिनीवर ठेवला. गवसणीची साखळी सरकली. मग बराच वेळ खुंट्या पिळल्याचा आवाज, एक तार, पुन्हा तीच तार, थोडी खाली, आणखी थोडी खाली.